कानसेन मिस्त्री

मिस्त्रींच्या कानाबद्दल काठावर जे सांगत, त्यातलं निम्मं खरं मानलं तरी तोंडात बोट जावं. नदीच्या तळाशी खेकडा शिंकला, की हे इकडे दाढी करता करता म्हणणार, सर्दी झालीय बिचाऱ्याला. एकदा पलीकडून निघालेल्या बोटीचा नुसता आवाज ऐकून त्यांनी सांगितलं, की खालचा प्लग काळा पडलाय आणि नावाडी बायकोशी भांडून आलाय. दोन्ही खरं निघालं. तेव्हापासून ते कानसेन. बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे ढिगाने होते, डोळे मिटून दुरुस्त करणारे हे एकटेच.

म्हणून तर मेहुण्याची बोट तिसऱ्यांदा परत आली तेव्हा मिस्त्रींची बायको हातातलं काम टाकून दाराशी धावली. मेहुणा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. माणसं पलीकडे पोचवायचा. त्याचं इंजिन जोरात पळवलं की वाघासारखं गुरगुरायचं, पण धक्का जवळ आला, वेग कमी केला, की स्लोवर गपकन बंद. आणि धक्क्याच्या खालच्या अंगाला, प्रवाह ओढून नेतो तिथेच, मोडक्या पुलाचे खांब. आधीच्या दोन्ही वेळा मिस्त्रींनी उघडून साफ केलं आणि "झालं, ने" म्हणून परत दिलं होतं.

"काल खांब हातभर राहिला होता, दाजी," मेहुणा आत येत मोठ्याने म्हणाला. "बोटीत दिवस भरलेली बाई. घाबरून तिथेच मोकळी झाली असती, तर सुईणही मलाच व्हावं लागलं असतं."

हसला, पण ओठांपुरतंच. ताईला त्याने दाराशी हळूच सांगून ठेवलं होतं, की आज जमलं नाही तर पलीकडच्या कारखान्यात नेणार. नातं नात्याच्या जागी, बोटीत माणसं बसतात. पलीकडच्या मिस्त्रीला हे आयुष्यभर 'घणवाला' म्हणत आले होते. त्याच्याकडे सख्ख्या मेहुण्याचं इंजिन गेलं, तर काठावर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मिस्त्रींनी इंजिन पाण्याच्या पिंपावर चढवलं. कार्ब्युरेटर खोलला. मंद चालीला पेट्रोल सोडणाऱ्या स्लोच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं. त्यातून तार फिरवली, फुंकर मारली, उजेडाकडे धरून पाहिलं. पेट्रोलमध्ये पाणी नव्हतं, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं होतं. हात काही म्हणता काही विसरला नव्हता. बायको चहा घेऊन आली. तिने विचारलं, साखर पुरे का.

"हो, परवाच बदलली," मिस्त्री म्हणाले.

मेहुणा खदखदला. तीही हसली, सवयीने. हल्ली असंच चालायचं. जेवताना मध्येच ते म्हणायचे, अरे कोणीतरी ते इंजिन बंद करा, डोकं उठलं. बाहेर बघावं तर सगळं सामसूम. तिला वाटायचं, म्हातारा फिरकी घेतोय. त्यांच्या फिरकीला हसायची तिला लग्नापासूनची खोड.

मिस्त्रींनी दोरी ओढली. इंजिन असं गरजलं की पिंपातलं पाणी उसळून भिंतीवर गेलं. त्यांनी रेस कमी केली, स्क्रू जरासा फिरवला आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

इंजिन अडखळलं. एक उचकी दिली आणि गेलं.

पाणी डुचमळत डुचमळत निवलं. मिस्त्रींची मान मात्र तालात हलतच होती. बोटं अजून स्क्रूवर, तान्ह्या बाळाचा कान धरावा तशी अलगद.

"ऐक," ते म्हणाले. "कसं एका लयीत बोलतंय. झालं, ने."

मेहुण्याला वाटलं, ही पण फिरकी. तो तोंड उघडणार तोच ताईने त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तो तिच्याकडे बघतच राहिला. तिच्या डोळ्यांपुढून एकेक जेवण जात होतं. कानसेनांच्या कानात बाहेरचं बारीक असं काही उरलंच नव्हतं. आतलं एक इंजिन तेवढं दिवसरात्र स्लोवर चालत होतं, आणि ते मेलं कधी बंद पडत नव्हतं. गप्प बसावं, तर खाली खांब. बोलावं, तर हा माणूस संपला.

 तिने त्यांचा तळहात उचलला आणि इंजिनावर ठेवला.

मान हलायची थांबली. डोळे मात्र त्यांनी उघडले नाहीत.

"केव्हापासून बंद आहे?"

"तुम्ही ऐक म्हणालात, त्याच्या आधीपासून," ती त्यांच्या कानाशी म्हणाली.

मागच्या दोन खेपाही त्यांना तिथेच कळल्या असाव्यात, कारण चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती घाईघाईने सांगू लागली, की मी रोज इथे बसेन, बंद पडलं की खांद्यावर थाप मारीन, कोणाच्या बापाला कळणार नाही.

"बंद पडलेलं तुला कळेल गं," मिस्त्री म्हणाले. "बंद पडायच्या आधीचं कोण ऐकणार?"



त्यांनी कार्ब्युरेटर फडक्याने पुसला, मेहुण्याला दुसरी बाजू धरायला लावली आणि इंजिन बोटीत नेऊन आडवं ठेवलं. घणवाल्याकडे ने, म्हणाले. त्याला सांग, जेट साफ आहे, स्लोचा स्क्रू तेवढा लावायचाय. मी पाठवलंय म्हणून सांग.

मेहुणा खाली मान घालून वल्ही मारत निघाला. पाण्यावर चुळुक चुळुक, बाकी सगळं चिडीचूप. मिस्त्री धक्क्यावर उभे राहिले. बोट खांबांपासून लांब जाईपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही. मग कानावर हात दाबला.

"अजून चालूच आहे बघ," ते म्हणाले.

बायको काहीतरी म्हणाली. त्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि तिने पुन्हा सांगितलं नाही.