पहिल्या नंबरवरचं दुकान

आमच्या घरात रोज सकाळी चहाबरोबर एक कार्यक्रम असे. भाऊजी खुर्चीत सरसावून बसत, चष्मा पुसत आणि म्हणत, "चला, शोधा." मग ताई, आई आणि स्वतः भाऊजी आपापल्या फोनवर 'कपड्यांची दुरुस्ती' लिहायला घेत. पूर्ण लिहायची गरजच पडत नसे. 'कप' एवढं झालं की पुढचं फोन आपणहून सुचवायचा, बोट टेकवलं की तिन्ही फोनवर सगळ्यात वर ताईच्या दुकानाची वेबसाईट. "पहिला नंबर," भाऊजी म्हणत. "माझ्यातही पहिलाच," आई म्हणे, आणि चष्मा शोधायला लागे. मग प्रत्येकानं आत जाऊन दोन-चार पानं उघडायची, कारण वेबसाईट करून देणाऱ्या सरांनी तसं सांगितलं होतं. त्यानंतर कुठे बिस्किटाला हात लावायचा. मी ताईचा धाकटा भाऊ, त्यांच्याच माडीवरच्या खोलीत राहणारा सडाफटिंग माणूस. मी हे सगळं बघत बसायचो आणि माझा चहा गार व्हायचा.

ताईचं दुकान म्हणजे 'नवंजुनं'. सैल झालेलं आवळून देणं, आखूड झालेलं उसवून लांब करणं, चेन बदलणं, कोटाला नवं अस्तर लावणं, असली कामं. नवीन काही शिवत नाही. गाळा चौकाच्या कोपऱ्यावर, दोन्ही बाजूंना काच, आणि ताईनं मशीन नेमकं काचेला लागून मांडलेलं. रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाला दुसरं काही बघायला नसतं, तो ताईकडे बघतो. मग स्वतःच्या बाहीकडे बघतो. मग त्याला घरी पडलेली फाटकी पँट आठवते आणि दोन दिवसांनी तो पिशवी घेऊन दारात उभा राहतो. दुकान इतकी वर्षं चाललं ते या एवढ्यावर. यात कुणाची अक्कल नव्हती, चौकाची होती.

पुढे भाऊजी नोकरीतून निवृत्त झाले आणि दुकानात लक्ष घालायला लागले.

लक्ष घालण्यासारखं तिथं काही नव्हतं. भाऊजींना सुईत दोरा ओवता येत नाही, गिऱ्हाइकाशी बोलताना ते हवामानावर घसरतात. मग त्यांनी एका हॉलमध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी ठेवलेलं फुकट व्याख्यान ऐकलं आणि तिथून व्याख्यान देणाऱ्या सरांनाच घरी घेऊन आले. सर म्हणजे पंचविशीतला एक पोरगा. अंगात कोट, त्याच्या बाह्या दोन बोटं लांब. ताईच्या ते लगेच लक्षात आलं, पण सरांना कसं सांगणार? भाऊजी आयुष्यभर साहेबांसमोर उभे राहिलेले, त्यांना खुर्चीत बसवायला कुणीतरी लागतंच. त्यांनी त्या पोराला 'सर' म्हटलं, मग आईही म्हणायला लागली.

सर म्हणाले, "मॅडम, आज दुकान रस्त्यावर नसतं, सर्चमध्ये असतं. लोक शोधतात तेव्हा आपण वर दिसलो पाहिजे. बाकी सगळं दुय्यम आहे."

"वर म्हणजे?" ताईनं विचारलं.

"पहिल्या नंबरवर."

झालं. ताई त्या शब्दाला भुलली. माझी बहीण गुणाची आहे, पण शाळेत असल्यापासून तिला कुणी पहिली म्हटलं नव्हतं. शिवणकामाच्या वर्गातसुद्धा तिच्याहून सुबक टाका घालणारी कुणीतरी असायचीच. त्यामुळे सरांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फारशी मेहनत घेतली असं मी म्हणणार नाही. ती पहिल्या फांदीवर आधीच बसलेली होती.

वेबसाईटचा मजकूर लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात हयात घालवली, म्हणून. मी चार सरळ ओळी लिहून दिल्या: इथे कपडे नीट दुरुस्त करून मिळतात, अमुक वेळात या. सरांनी त्या वाचून तोंड आंबट केलं. "काका, भाषा छान आहे, पण यात शब्द येत नाहीत." मी म्हटलं, शब्दच तर आहेत. ते म्हणाले, लोक जे शोधतात ते शब्द. मग त्यांनी स्वतः लिहिलेलं दाखवलं. ते असं होतं: 'तुम्ही जवळचं कपडे दुरुस्ती दुकान शोधताय का? जवळचं कपडे दुरुस्ती दुकान शोधणं सोपं नसतं. जवळचं आणि स्वस्त कपडे दुरुस्ती दुकान शोधताना आधी जवळचं कपडे दुरुस्ती दुकान म्हणजे काय ते समजून घेऊया.' भ्रमिष्ट माणूस कुणाचं तरी बोट धरून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, तसलं ते लिखाण. भाऊजींनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "याला म्हणतात अभ्यास."

मग शहरातल्या एकूण एक भागासाठी वेगळं पान झालं. नदीपलीकडच्या वस्तीसाठी पान, विमानतळाजवळच्या कपडे दुरुस्तीसाठी पान. विमानतळावर कुणाची चेन तुटली तर तो विमान सोडून आमच्या चौकात येणार, अशी कल्पना असावी. 'चेनचा इतिहास' म्हणून एक लेख झाला. 'बटण तुटण्याची प्रमुख कारणं' म्हणून दुसरा झाला. 'ग्राहक बोलतात' या पानावर बोलायला ग्राहक कुठून आणायचे, म्हणून घरच्यांनीच बोलायचं ठरलं. भाऊजींनी तिथं स्वतःच्या बायकोला 'सदर आस्थापना' म्हटलं. आईनं लिहिलं, 'मुलगी माझीच आहे. हाताला सफाई आहे. जेवण वेळेवर करत नाही.' त्या अख्ख्या वेबसाईटवर तेवढंच एक खरं होतं.

दुकानात गिऱ्हाईक वाढलं का? नाही. कमी झालं का? तेही नाही. तरी भाऊजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पहिला नंबर रोज सकाळी डोळ्यांना दिसत होता, आणि दिसतंय त्यावर शंका घेणारा मी, त्यांच्या मते जळका होतो.

तेवढ्यात गाळ्याच्या कराराची मुदत संपत आली. करारात स्वच्छ लिहिलेलं होतं की ताईला पुढे राहायचं असेल तर पहिला हक्क तिचा. गाळेमालकाला दुसऱ्या कुणाला ठेवायचं तर ताईनं 'मला गाळा नको' असं सहीनिशी लिहून द्यायला हवं. इतकी वर्षं हा प्रश्न कधी आलाच नव्हता. या वेळी भाऊजी चहाच्या वेळी म्हणाले, "कोपरा हवाच कशाला आता? दुकान तर सर्चमध्ये आहे. मशीन मागच्या खोलीत आणू. लोक शोधत घरी येतील."

मागची खोली मला चांगली माहीत आहे. तिला एक खिडकी आहे आणि ती शेजाऱ्याच्या भिंतीकडे उघडते. हात बाहेर काढला तर भिंत हाताला लागते.

"सरांचं काय म्हणणं आहे?" ताईनं विचारलं.

"सरच म्हणाले. काचेचं दुकान म्हणजे जुना विचार."

मी म्हटलं, "ताई, तुझं आजचं गिऱ्हाईक आलं कुठून? एकाला तरी विचार."

"तू प्रत्येक गोष्टीला नाकं मुरडतोस," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी पहिली आलेय, तेही तुला बघवत नाही."

मी गार चहा एका घोटात संपवला. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. त्या भिंतीसमोर बसून ती वर्षभरात म्हातारी होईल, हे मला दिसत होतं.

ठरल्या दिवशी गाळेमालक दुकानात आले. गोड बोलणारा, जाडजूड माणूस. नकाराचा कागद टाईप करूनच आणला होता, ताईनं फक्त सही करायची. ताई मशीनवर होती, हातात कुणाच्या तरी पँटची दुमड. भाऊजींनी मालकांना स्टूल दिलं आणि स्वतः उभ्यानं भाषण सुरू केलं. आम्ही गाळा का सोडतोय, जग कुठं चाललंय, आणि आमचा पहिला नंबर. स्वतःचा फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "बघा. खोटं वाटत असेल तर तुमच्या फोनवर शोधा."

मालकांनी खिशातून फोन काढला, 'कपड्यांची दुरुस्ती' असं सावकाश पूर्ण लिहिलं आणि पाहिलं. क्षणभर त्यांची भिवई वर गेली, मग खाली आली. "वा," ते म्हणाले. "पहिलंच आहे की. अभिनंदन, ताई." आणि पेन पुढे केलं.

मी त्यांच्या पाठीमागेच, इस्त्रीच्या टेबलाशी उभा होतो. आयुष्यभर दुसऱ्याच्या खांद्यावरून मजकूर वाचलेला माणूस मी. त्यांच्या फोनवर नकाशा होता. त्यात वर पलीकडच्या गल्लीतला ड्रायक्लीनर, खाली एक बुटिक, त्याच्याखाली कुणी तरी भलताच. ताईच्या दुकानाचा मागमूस नव्हता.

"नाहीये तिथं," मी म्हणालो. "मालक, जरा ताईला दाखवा."

मालक हसले आणि फोन खिशात घालू लागले. ताईनं हातातली दुमड सोडली. "द्या बघू," ती म्हणाली, आणि तिचा हात पुढेच राहिला. बाईमाणसानं हात पुढे केल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांना फोन द्यावा लागला.

ताई बघत राहिली. मग बोटानं खाली सरकवत गेली. दुसरं पान, तिसरं पान. शर्ट शिवणारे आले, पडदे शिवणारे आले, तंबू भाड्यानं देणारेसुद्धा आले. ती सरकवतच होती. मला वाटलं होतं, असा दिवस आला की मी भाऊजींना चार शब्द सुनावीन. प्रत्यक्षात मी नुसता तिचं सरकणारं बोट बघत राहिलो.

"मी कुठंच नाही?" ताईनं विचारलं. कुणाला विचारलं ते कळलं नाही.

"यांचा फोन जुना असेल," भाऊजी म्हणाले. मालकांचा फोन आमच्या घरातल्या तिन्ही फोनपेक्षा नवा होता. मग भाऊजींनी घाईघाईनं सरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, म्हणजे सरांनी सगळ्यांदेखत आमची अब्रू वाचवावी.

सर शांतपणे म्हणाले, "काका, ते नॉर्मल आहे. तुम्ही रोज तेच उघडता, म्हणून तुमचा फोन तुम्हाला तेच वर दाखवतो. दुसऱ्याला दिसायला वेळ लागतो."

"पण आम्ही चौकातच आहोत," ताई म्हणाली. "पलीकडच्या गल्लीतला ड्रायक्लीनर नकाशात आहे. मी का नाही?"

"मॅडम, पत्ता आपण टाकला नाही. पत्ता टाकला की आपण एकाच भागाचे ठरतो. आपल्याला सगळ्या भागांत दिसायचं होतं."

म्हणजे सगळ्या शहरात दिसायच्या नादात या शहाण्यानं दुकान असलेल्या चौकातूनच पुसून टाकलं होतं. मी कपाळाला हात लावला.

"मग हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?" ताईनं विचारलं.

"तुम्ही सगळे इतके खूश होता," सर म्हणाले.

ताईनं मालकांचा फोन त्यांच्या हातात परत दिला. मग नकाराचा कागद उचलला, घडी घातली आणि तोही परत दिला. "मी गाळा सोडत नाही."

मालकांचं तोंड उतरलं. "अहो ताई, असं कसं? तुम्ही सोडताय म्हणून मी पुढच्या माणसाला शब्द देऊन बसलोय."

"कुणाला?"

मालक पेनाचं टोपण लावायला लागले. पण त्यांचे डोळे काही त्यांच्या ताब्यात नव्हते. ते मशीनवर ठेवलेल्या भाऊजींच्या फोनकडे वळले आणि तिथंच थांबले. फोन चालू होता. सर अजून पलीकडेच होते.

"अहो, तुम्हीच सांगा आता," मालक शेवटी फोनकडे बघून वैतागून म्हणाले. "माझ्या गळ्यात कशाला?"

सरांनी घसा खाकरला. "मॅडम, तुम्ही सोडणारच होता, म्हणून मी फक्त विचारून ठेवलं होतं. मला ऑफिसला जागा हवीच होती. कोपरा आहे, दोन्हीकडून काच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं."

भाऊजी मटकन स्टुलावर बसायला गेले, पण स्टुलावर मालक होते. ते तसेच अर्धवट वाकून उभे राहिले. इतकी वर्षं मी त्यांना हसत आलो, त्या क्षणी मात्र हसायची इच्छा झाली नाही.

ताईनं पँटची दुमड पुन्हा सुईखाली घेतली. काचेबाहेर रस्ता ओलांडायला थांबलेली दोन-तीन माणसं आत बघत होती.

"सर," ती फोनकडे न बघता म्हणाली, "आमच्या घरी मागची खोली रिकामी आहे. ऑफिसला घ्या. रोज सकाळी घरच्यांना स्वतःला शोधायला सांगा, म्हणजे तुम्हीही पहिले याल."

तिनं मशीन चालू केलं. त्या आवाजात सर पुढे काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही.