मॅच संपल्याशिवाय पुसायचं नाही

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि जुना म्हणवून घ्यायची मला काडीची लाज वाटत नाही. रडगाणं ऐकायला आला असाल तर पुढच्या दुकानात जा. एका शिंप्याच्या दुकानाबाहेर मी एकतीस वर्षं लटकतो आहे आणि माझ्यावर फक्त क्रिकेटचा स्कोअर लिहिला जातो.

जन्माने मी कपाटाचं दार. कपाट मोडलं, पण दुकानाच्या मालकांनी, म्हणजे मास्टरांनी, मला भंगारात जाऊ दिलं नाही. त्यांनी मला घासलं, काळा रंग दिला आणि दोन खिळ्यांवर टांगलं. माझ्या डाव्या कडेला बिजागरीची खूण अजून आहे. मास्टर शिलाई मशीनवर रेडिओ ठेवत, एक कान तिकडे देत आणि विकेट पडली की कापड कापण्याचा चपटा खडू घेऊन बाहेर धावत. आपला संघ खेळत नसला तरी स्कोअर लिहीत. परक्या संघाच्या फलंदाजाने शतक ठोकलं तर शेजारी 'वा!' लिहीत. त्यांचा एकच कडक नियम होता, मॅच संपल्याशिवाय फळा पुसायचा नाही. नवे आकडे आले की जुने खोडायचे, पण फळा कोरा करायचा तो निकालानंतरच. हरलो तरी निकाल संध्याकाळपर्यंत ठेवायचा. "जिंकलेलं मिरवता ना? मग हरलेलंही वाचा," असं ते लोकांना सुनावत.

कसोटी हे माझं पहिलं प्रेम. पाच दिवस एकच सामना अंगावर वागवायचा म्हणजे पोरखेळ नव्हे. वनडेत दिवसभर धावपळ असे, तीही मला आवडे. पुढे ट्वेंटी-ट्वेंटी आली आणि मास्टर म्हणाले, "हे कसलं क्रिकेट? सुईत दोरा ओवेपर्यंत दोन षटकं झाली!" पण लिहिलं त्यांनी तेही, पुसून पुसून माझा रंग उडेपर्यंत.

एकदा मात्र फजिती झाली. मास्टर पोस्टमनचं माप घेत असताना विकेट पडली. घाईत त्यांनी चव्वेचाळीसचा स्कोअर पँटच्या कापडावर लिहिला आणि कंबरेचे तीस माझ्यावर. कारागिराने चव्वेचाळीसची कंबर कापली. रस्त्यावरचे लोक डोकं खाजवत होते, मघाशी बेचाळीस होते, आता तीस कसे? पोस्टमन पँट घालून बाहेर आला आणि म्हणाला, "मास्टर, यात मी आणि माझी सायकल दोघं मावतो!"

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. माझ्यापुढे थांबणारे कमी झाले. मास्टरांची नजर अधू झाली, कात्री सुटली. दुकान त्यांच्या लेकीने हाती घेतलं, आणि खरं सांगतो, बापापेक्षा चांगलं चालवलं. मास्टर रोज सकाळी यायचे ते केवळ माझ्यासाठी. स्कोअर लिहिणं एवढंच त्यांचं काम उरलं होतं. मी गेलो असतो तर त्यांना दुकानात येण्याचं कारणच राहिलं नसतं. एवढं मला, एका लाकडाला, कळत होतं.

लेकीने दिव्यांची नवी पाटी करायला टाकली. जागा माझीच होती. "बाबा, ज्याच्या त्याच्या खिशात स्कोअर आहे," ती म्हणाली. "पाच दिवस खेळायचं आणि निकालाचा पत्ता नाही. कुणाला वेळ आहे?" मास्टर खडूला टोक काढत बसले. मला मात्र असा संताप आला! मोबाइलमध्ये बघून कुणी शेजारच्या अनोळखी माणसाला "अरे देवा, गेला!" म्हणतं का? माझ्यापुढे म्हणतात!

पाटी लावायला वायरमन आला तो नेमका कसोटीच्या पाचव्या दिवशी, दुपारी. माझ्यावर लिहिलं होतं, 'आपले ९ बाद १८७. १९ षटकं बाकी.' जिंकणं शक्य नव्हतं, पण शेवटच्या जोडीने तग धरला तर हार टळणार होती. वायरमनने शिडी लावली, मला एका खिळ्यावरून सोडवलं आणि तेवढ्यात आकडे वाचले.

"ताई, मॅच चालू आहे!"

"तुम्ही तुमचं काम करा हो," लेक म्हणाली.

"मॅच संपल्याशिवाय नाही!" मास्टर खुर्चीतून गरजले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. वायरमन शिडीवरच मला खांद्याचा टेकू देऊन उभा राहिला. मी तिरका लोंबकळत होतो, पण पडणार नव्हतो. सांगून ठेवतो!

रेडिओ मोठा झाला. अकरा नंबरचा गडी, ज्याला बॅट धरता येते की नाही याचीच शंका, तो चेंडू छातीवर घेत होता. लोक जमले. पोस्टमनही थांबला. पंधरा षटकं गेली, सोळा गेली, सतरा गेली. आणि अकरा चेंडू बाकी असताना यष्टी उडाली.

मास्टरांनी खडू उचलला, पण मी तिरका. त्यांचा हात पोचेना. वायरमन हळूच म्हणाला, "संपली मॅच. आता काढू?"

लेकीने बापाच्या हातातून खडू घेतला. शिडीच्या दोन पायऱ्या चढून ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सर्वबाद २०४. ११८ धावांनी हरलो.' मला वाटलं, झालं, आपलाही खेळ आटोपला. पण ती उतरली नाही. खाली तिने आणखी एक ओळ लिहिली.

'दुसरी कसोटी गुरुवारपासून.'

मास्टर बघतच राहिले. "तुला गं कसं माहीत?"

"लहानपणापासून या फळ्याखाली काज-बटणं करत आले, बाबा. मला नाही तर कुणाला माहीत असणार?" मग ती वायरमनवर खेकसली, "बघता काय? खिळ्यावर अडकवा तो. पाटी वर लावा."

मित्रांनो, आता माझ्या डोक्यावर दिव्यांची पाटी आहे. असू दे. गुरुवारी सकाळी मास्टर शटर उघडायच्या आधी येऊन उभे होते, खिशात नवा खडू होता. तुमच्याही घरात कुणी असा जुना फळा असेल, लाकडाचा किंवा हाडामांसाचा. त्याला खुशाल हरू द्या. पुसायची मात्र घाई करू नका.