पाट्यांचं बिऱ्हाड

विद्यापीठाची ईमेल आली तेव्हा सर नुकतेच चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि कॉम्प्युटर बंद करून झाडांना पाणी घालायला गच्चीत गेले. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी झारीला कधी हात लावला नव्हता. म्हणून सिस्टर हातातलं काम टाकून मागोमाग गेल्या.

"अहो, झालं काय?"

"काही नाही. जुना सर्व्हर बंद करतायत, महिनाअखेरीला."

"म्हणजे तुमच्या पाट्या?"

"गेल्या," सर म्हणाले आणि रिकाम्या कुंडीत पाणी ओतत राहिले.

सिस्टर म्हणजे सरांची बायको. आयुष्यभर परिचारिका होत्या. नोकरी संपली, पण गल्लीने हाक काही बदलली नाही. सर कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि त्यांना नाद होता दुकानांच्या पाट्यांचा. शिंपी, घड्याळजी, सायकलवाला, चष्मेवाला, सगळ्यांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या. प्रत्येकीचा फोटो काढायचा, मजकूर टिपायचा, पेंटर कोण ते शोधून काढायचं आणि सगळं विद्यापीठाच्या सर्व्हरवरच्या एका वेबसाइटवर चढवायचं. तिथे शहराचा नकाशा होता. रस्त्यावर बोट ठेवलं की त्या रस्त्याच्या पाट्या एकापाठोपाठ उघडत. पुढे एकेक दुकान बंद पडत गेलं, छापील फलक आले आणि सरांच्या नकाशातलं शहर बाहेर कुठे उरलंच नाही.

सिस्टर त्या वेबसाइटला सवत म्हणत. "रविवार तिचे, सुट्ट्या तिच्या, आणि शिडी धरायला मात्र मी!" हे त्या पाहुण्यांसमोरही बिनदिक्कत ऐकवत.

पण आता त्यांना चैन पडेना. सर जेवत होते, पेपर वाचत होते, विचारलं तर उत्तर देत होते. कॉम्प्युटरकडे मात्र ढुंकूनही पाहत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पडलेले पेशंट सिस्टरांनी खूप पाहिले होते. औषध तोंडात घातलं तर गिळायचे, स्वतःहून मागायचे नाहीत. अशांची त्यांना जास्त काळजी वाटे.

"कुणाला तरी सांगा ना," त्या एकदा म्हणाल्या.

"भीक मागत फिरू? ज्यांना हवं होतं त्यांनी विचारलं असतं."

शहरात डिजिटल मानव्यविद्येचं एक मंडळ होतं. जुनी कागदपत्रं, नाटकांच्या जाहिराती, बोलीतली गाणी असलं काहीबाही कॉम्प्युटरवर आणून त्याचा अभ्यास करणारी माणसं महिन्यातून एकदा ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर जमत. त्यांचं बातमीपत्र सरांना येत असे. नाव ऐकून सिस्टरांना तो दवाखान्यातला एखादा नवा विभाग वाटायचा. पुढच्या बैठकीच्या दिवशी त्या दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून घराबाहेर पडल्या आणि थेट ग्रंथालयाचा जिना चढल्या.

वर गोल मांडलेल्या खुर्च्या, वायरींचं जंजाळ आणि थर्मासमधला कोमट चहा. बातमीपत्राची संपादक दाराशीच उभी होती. केसांत पेन खोचलेली, बोलायला चटपटीत. सिस्टरांनी पाट्यांचं नाव काढलं तशी ती उडालीच.

"अय्या, त्या पाट्या? मी शिकवताना दर वर्षी दाखवते! सर आहेत अजून?"

"सकाळी तरी होते," सिस्टर म्हणाल्या.

ती जीभ चावून हसली आणि हाताला धरून त्यांना आत घेऊन गेली. कुणीतरी मोठ्या पडद्यावर वेबसाइट उघडली. लोक पुढे सरकले, अक्षरांच्या सावल्यांवर, वेलांट्यांच्या वळणांवर बोलू लागले. सिस्टर मागे उभ्या राहून पाहत होत्या. नवऱ्याचं एवढं कौतुक त्यांनी त्याच्या निरोप समारंभातही ऐकलं नव्हतं, आणि नेमका तोच इथे नव्हता.

दोन दिवसांनी बातमीपत्रात पहिलीच बातमी आली: पाट्यांचा संग्रह बंद होणार, हात हवे आहेत. मग ईमेलांची रीघ लागली. कुठल्या कुठल्या देशांतून माणसं लिहीत होती. कुणी सर्व्हरवर जागा देऊ करत होतं, कुणी आपला शनिवार.

सर लालबुंद झाले. "माझी लक्तरं वेशीवर कुणी टांगली?"

"मी," सिस्टर म्हणाल्या. "दात ठणठणीत आहेत माझे."

त्यानंतर घरात अबोला. मीठसुद्धा खुणेने मागितलं जायचं. तो सुटायच्या आधीच शनिवार उजाडला आणि दारात संपादक उभी. तिच्याबरोबर एक दाढीवाला प्रोग्रामर होता, पाठीवर केवढी तरी बॅग. सरांनी त्यांना बसा म्हटलं, पण स्वतः उभेच राहिले.

दाढीवाल्याने बराच वेळ वेबसाइटची आतली बाजू तपासली. मग मान वर केली.

"सर, खरं सांगू? नकाशा नाही वाचणार. तो ज्या प्रोग्रामवर चालतो तो आता या जुन्या सर्व्हरखेरीज कुठेच चालत नाही. नवा करता येईल, पण साधा. हा असा नाही."

डॉक्टर अशी बातमी सांगायचे तेव्हा सिस्टर नेहमी नातेवाइकांच्या बाजूला जाऊन उभ्या राहत. सवयीने त्या आत्ताही सरांच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या नकाशासाठी मी तीन उन्हाळे घालवले," सर म्हणाले.

"दिसतंय ते," दाढीवाला हळू आवाजात म्हणाला. "आत एकेका गल्लीवर मेहनत आहे."

"आणि पाट्या?"

"पाट्या सगळ्या वाचतील. एकूण एक."

सर वळून आतल्या खोलीत गेले. आता हे काही बाहेर येत नाहीत, असं सिस्टरांना वाटलं. संपादिकेने तर निघायला म्हणून आपल्या बॅगेचा पट्टाही हातात घेतला. तेवढ्यात सर खुर्ची ओढत बाहेर आले, ती दाढीवाल्याच्या शेजारी टेकवली आणि म्हणाले, "कुठून सुरू करायचं? आणि अगं, सिस्टर, चहा तरी टाक, पोरं मघापासून बसलीयत."

पुढचे शनिवार जेवणाच्या टेबलावर लॅपटॉपच लॅपटॉप. वर्गीकरणावरून सर तावातावाने भांडले, "सुलेखन" आणि "रंगकाम" हे वेगळे रकाने हवेतच म्हणून अडून बसले. दाढीवालाही काही कमी नव्हता. सिस्टर मजकूर ताडून पाहायच्या कामाला लागल्या. एका पाटीपाशी त्या म्हणाल्या, हे दुकान दवाखान्यासमोर होतं. सर म्हणाले, छे, पुलापाशी. दोघं हट्टाला पेटली. शेवटी संपादिकेने जुना फोटो मोठा करून पाहिला, तर मागे शाळा दिसत होती. दोघंही चूक. सर आधी हसले, मग सिस्टर. कितीतरी दिवसांनी ती दोघं एकाच गोष्टीवर हसत होती.

महिना संपला. त्या सकाळी सरांनी जुना पत्ता टाकून पाहिला. पांढऱ्या पानावर "पान सापडत नाही" एवढंच आलं. ते त्याच्याकडे बघत बसले. सिस्टर शेजारी बसल्या. मध्येच त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. सरांनी तो राहू दिला. मग त्यांनी नवा पत्ता टाकला. नवा साधा नकाशाही अजून नव्हता, रस्त्यांची नुसती यादी होती, पण पाट्या होत्या.

दुपारी बातमीपत्र आलं. संग्रह वाचल्याची बातमी, मदत केलेल्या सगळ्यांची नावं, त्यांत सिस्टरांचंही. सरांनी ती वाचली आणि लगेच संपादिकेला फोन लावला.

"अगं, 'पुनरुज्जीवन' हा शब्द दोनदा चुकलाय. दोन्ही वेळा वेगवेगळा!"

पलीकडून संपादक म्हणाली, "सर, मग दर अंक छापायच्या आधी तुम्हीच डोळ्याखालून घालाल का? आम्हांला कुणी तपासनीसच नाही."

सरांनी खुर्ची पुढे ओढली. "घालीन. पण माझ्या अटी आहेत."

त्यांनी अटी सांगायला सुरुवात केली. चौथ्या अटीपर्यंत सिस्टरांनी वाट पाहिली. मग पलीकडच्या पोरीची दया येऊन त्यांनी फोन काढून घेतला आणि विचारलं, "पुढची बैठक कधी गं? आम्ही दोघं येतोय. आणि चहाचं मी बघते, तुमचा फार कोमट असतो."