चालून दाखवा

“चालून दाखवा,” डॉक्टर म्हणाले आणि आमच्या वन्संनी आधी पदर सारखा केला. तिथंच मी ओळखलं, आता काही खरं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, विठा. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय काटकीसारखा राहिला. लग्न झालं नाही. बेलवलीच्या आमच्या घरात त्या माझ्याही आधीपासून आहेत. अपंगाच्या दाखल्यासाठी त्यांना घेऊन मी उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात आले होते. चाळीस टक्के लिहून मिळाले की पेन्शनचा अर्ज करता येतो. महिन्याच्या महिन्याला पैसे, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या खात्यात.

पण बाई अशा चालल्या म्हणता! टेबलापासून खिडकीपर्यंत आणि परत, हनुवटी वर, पाऊल तोलून. त्याआधी डॉक्टर पाय धरून “जोर लावा” म्हणाले, तर दातओठ खाऊन जोर लावला. जसं काही पहिला नंबर काढायचा होता. मी मागून डोळे वटारले, खोकले. त्यांचं लक्ष असेल तर शपथ.

पस्तीस टक्के मिळाले. दहावीला पस्तीसवर पास करतात, इथं पस्तीसला नापास. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, मावशी, एवढ्या छान चालता, मी तरी काय लिहू? तर वन्सं चक्क लाजल्या. कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी राहिला होता माझा.

रिक्षात मी तोंडाचा पट्टा सोडला. त्या बाहेर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “कुणी चालून दाखव म्हटलं ना, की हातात पोह्यांचा ट्रे असल्यासारखं वाटतं गं.”

सासूबाईंनी सांगितलेलं सगळं आठवलं. घरात तेव्हा शेणाची जमीन होती. त्यावर रांगोळीची रेघ ओढून, हातात भरल्या पेल्यांचा ट्रे देऊन त्या लेकीला रेघेवरून चालवायच्या. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. लंगडणं कमरेत कसं गिळायचं, ते त्यांनी तिला शिकवलं. जांभूळ गावच्या एका स्थळाला त्या चालण्यावर मुलगी पसंतही पडली. साखरपुड्याआधी कुणीतरी त्या लोकांचे कान भरले आणि ते दारात येऊन ओरडून गेले, फसवलंत म्हणाले. पुढं ट्रे माळ्यावर गेला, पण चाल काही अंगातून गेली नाही.

भावापुढं वन्संनी कधी हात पसरला नाही. उल्हासनगरच्या एका शेठकडून जीन्सचे गठ्ठे यायचे, त्या घरी बसून जास्तीचे धागे कापायच्या. माझ्या मुलांचे दिवाळीचे कपडे त्यातूनच व्हायचे. शेठने कारखाना बंद केला आणि बाईंनी दुपारचा चहा सोडला. पित्त होतं म्हणाल्या. बीपीची गोळीही एक दिवसाआड घेतात, हे मला पाकीट बघून कळलं. मी नवीन आणून दिली तर म्हणाल्या, धर्मराजला, म्हणजे ह्यांना, सांगू नको, मी देईन तुझे पैसे. कुठून देणार होत्या? शेजारच्या बायका माझ्या पाठीमागं म्हणतात, चांगुणाचा नणंदेच्या पेन्शनवर डोळा आहे. म्हणोत बापड्या. मला त्यांचा चहा परत हवा होता.

पुन्हा तपासणीसाठी बुधवारची तारीख मिळाली. मी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला आणि स्वतःच डॉक्टर झाले. चालून दाखवा म्हटलं की त्या सरळ चालायच्या. पाय ओढा म्हटलं तर उजवाच ओढायच्या. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. मग त्या खाली टेकल्या.

“चांगुणा, सरळ चालले तेव्हा फसवलं म्हणाले. आता मुद्दाम वाकडं चालायचं, तर तेही फसवणंच की.”

“फसवायचं कशाला? खऱ्या चालता तशा चाला.”

“खरी मी कशी चालते, मला तरी कुठं ठाऊक?”

माझ्या जिभेला हाड नाही. मी पटकन बोलून गेले, “पहाटे मोरीकडं जाताना चालता ना, तशा. सपात घासत.”

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

“तू जागी असतेस?”

“झोप सावध आहे हो माझी.”

“आणि धर्मराज?”

काय सांगणार होते? या घरात आल्यापासून मी ती फर्र फर्र ऐकते आहे. हेही ऐकतात आणि कूस बदलतात. आत्या उठली की आपण उठायचं नाही, हे मुलांनाही लहानपणीच बजावलं होतं. अख्खं घर डोळे मिटून पडलेलं असतं आणि तेवढाच वेळ बाई त्यांच्या पायाने चालतात. तेवढंही मी त्यांना ठेवलं नाही.

त्या उठल्या, टीपॉय जागच्या जागी सरकवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली. पुन्हा चालायचं मी म्हटलं नाही, त्यांनीही म्हटलं नाही.

बुधवार उद्यावर आला आहे. आज पहाटे मला नेहमीसारखी जाग आली. मी कान देऊन पडून राहिले. हेही जागे होते. बऱ्याच वेळानं कुजबुजत म्हणाले, “अक्का उठली नाही का गं अजून?”

तेवढ्यात मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. आज अंधारातसुद्धा बाई सरळ चालत गेल्या होत्या.