खाली न ठेवलेलं लेकरू

मूर्तिजापूरहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या त्या गावात कौशल्याबाईंची ओळख सांगताना कुणी त्यांच्या शेताचं नाव घेत नसे. "टाळवाल्या काकू" म्हटलं की पुरे. कीर्तन मंदिरात असो की कुणाच्या अंगणात, बायकांच्या पहिल्या रांगेत कौशल्याबाई मांडी घालून बसलेल्या असायच्या. बुवांनी नामाचा गजर सुरू केला की त्यांचा टाळ असा पडायचा, की मृदंगवालाही एकदा मान वळवून बघायचा.

त्यांचा मुलगा गोपाल आणि सून प्राजक्ता यांच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोन लेकरं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा माघातल्या सप्ताहात, काल्याच्या कीर्तनात, कौशल्याबाई भर सभेत उठल्या आणि त्यांनी पदर पसरला. "देवा, हे लेकरू जगू दे. त्याचं पयलं पाऊल काल्याच्या दिवशी तुह्यासमोर पडंल. तोवर त्याले जमिनीले लावणार नाही." कीर्तनकार महादेवरावांनी त्यांचा नारळ देवापुढं ठेवला. बायकांनी डोळे पुसले.

श्रावणात मुलगी झाली. धडधाकट, गोरीगोमटी. नाव ठेवलं आचल. पुढचा काला आला असता तर ती सहा महिन्यांची असती आणि नवस तिथंच फिटला असता. पण त्या वर्षी जुनं मंदिर पाडून नवं बांधायला घेतलं. देव पत्र्याच्या शेडात गेला आणि सप्ताह राहिला. "पुढच्या माघात धडाक्यात करू," पंचांनी सांगितलं. कौशल्याबाईंनी मान डोलावली. शब्द देवाला दिला होता, आणि देव काही कुठं जात नव्हता.

म्हणून आचल हातोहात वाढली. पाळण्यातून मांडीवर, मांडीवरून कडेवर, कडेवरून बाजेवरच्या उशांच्या कोंडाळ्यात. शेजारच्या बायका काम टाकून तिला घ्यायला यायच्या. खुळखुळा मागायच्या आत हातात यायचा. तिच्या तळव्यांना कधी धूळ लागली नव्हती, आणि कौशल्याबाई रोज रात्री ते तळवे कपाळाला लावायच्या.

दिवाळी झाली. आचल पंधरा महिन्यांची झाली. अंगणवाडीची शालू वजन करायला घरी आली आणि तिनं पोरीला उभं धरलं, तर पोरीनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. पुन्हा धरलं, पुन्हा तेच.

"काकू, हे बरं लक्षण नाही," शालू म्हणाली. "अकोल्याले नेऊन दाखवा. आज उद्या करू नका."

अकोल्यात बालरोगतज्ज्ञांनी तपासण्या केल्या आणि जठारपेठेतल्या वर्षाली मॅडमकडे पाठवलं. लहान मुलांकडून व्यायाम करून घेणाऱ्या या बाईच्या खोलीत खुर्च्या नव्हत्याच. जमिनीवर जाड गादी, चेंडू, लाकडी ठोकळे, एक उलटी घातलेली परात. मॅडम स्वतः खालीच बसल्या होत्या.

"ठेवा हिला इथं," त्या म्हणाल्या.

कौशल्याबाईंनी नातीला घट्ट धरलं. "गादीच हाय न ही? जमीन नाही?"

"गादीच आहे, काकू."

आचलला गादीवर पालथं घातलं. तिनं मान उचलली, हात टेकायचा प्रयत्न केला, आणि कोपरं मोडून तोंडावर पडली. असा आक्रोश केला की बाहेर बसलेला गोपाल धावत आत आला. चेंडू वीतभर लांब होता. पोर त्याच्याकडे बघत होती, पण त्याच्यापर्यंत जाता येतं हेच तिला माहीत नव्हतं. तिनं आजीकडे बघितलं. आजीनं तो द्यावा म्हणून.

वर्षाली मॅडमनी सगळं विचारून घेतलं. नवसाचंही ऐकलं. मग म्हणाल्या, "डॉक्टरांना आजार सापडला नाही, हे चांगलं आहे. पण तिला जमीन मिळालेली नाही. मूल पालथं पडतं, सरपटतं, रांगतं, आपटतं, तेव्हा त्याच्या मानेत, खांद्यात, कंबरेत बळ येतं. हातावर भार पडला की बोटं तयार होतात. वस्तू किती लांब आहे हे त्याला नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, गुडघ्यांनी जाऊन बघावं लागतं. आणि काहीतरी हवंसं वाटून आपण जाऊन ते घेतलं, की डोकंसुद्धा चालायला लागतं. आपल्याला तो खेळ दिसतो. तिचं ते कामच आहे."

"आता काय करा लागंल?" गोपालनं विचारलं.

"आजपासून खाली सोडा. दिवसातून जितका वेळ जमेल तितका. तुम्हीही खाली बसा."

"तीन महिन्यानं काला हाय," कौशल्याबाई म्हणाल्या. "तवा सोडतो. मंग दिवसभर सोडतो."

"काकू, या वयात तीन महिने फार मोठे असतात. आत्ता सोडलं तरी सगळं लवकर भरून येईल असं मी छातीठोक सांगू शकत नाही. उशीर केला तर अजूनच नाही."

परतीची एसटी धरली. बोरगाव मागं पडल्यावर प्राजक्ता खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आई, मी एकदाबी ठेवली नाही तिले खाली. तुमी शेतात जायच्या, घरात मी एकली असायची. ठेवली असती तर कोनाले दिसलं असतं? पन तुमचा शब्द होता. अन् मलेबी भेव होतं, दोन गेली म्हणून. ठेवायले पायजे होती मी. माय होती न मी तिची?"

कौशल्याबाईंना रागाचं बोलणं झेपलं असतं. हे झेपलं नाही. मांडीवर आचल झोपली होती, आणि तिचे ते मऊ, गुलाबी, कोरे तळवे पहिल्यांदाच आजीला बघवेनात.

तरीही त्यांनी तिला खाली ठेवलं नाही. ठेवलं आणि काही झालं तर? देवाला दिलेला शब्द मोडल्याची शिक्षा त्यांना स्वतःला झाली असती तर त्यांनी हसत घेतली असती. पण देणाराच परत घेऊन गेला तर? दोनदा त्यांनी रिकामी झालेली सून दवाखान्यातून घरी आणली होती. आठ दिवस असे गेले. प्राजक्ता पोरीला कडेवर घेऊन दारात उभी राहायची आणि अंगणाकडे बघायची.

मंगळवारी दुपारी बायकांचं भजन होतं. आचल आजीच्या मांडीवर. तिला रिझवावं म्हणून कौशल्याबाईंनी लहान टाळांची जोडी तिच्या हातात दिली. पोरीनं घेतली, आणि दोन्ही टाळ घसरून फरशीवर पडले. पुन्हा दिली. बोटं मिटलीच नाहीत नीट. शेजारची शेवंता हसून म्हणाली, "काय व काकू, टाळवालीची नात अन् टाळ धरता येत नाही?" तिच्या मनात काही नव्हतं. पण पुढच्या अभंगात कौशल्याबाईंचा टाळ चुकला. तीस वर्षांत कुणी तो चुकलेला ऐकला नव्हता.

भजन संपल्यावर आचलला प्राजक्ताकडे देऊन त्या तडक नव्या मंदिराकडे गेल्या. गवंडी फरशी बसवत होते. महादेवराव कट्ट्यावर बसून बघत होते. वय सत्तरीपुढं, गळा मात्र अजून खणखणीत.

"महाराज, नवस मोडला तर देव लेकरू नेते काय?"

महादेवराव चमकले. कौशल्याबाईंनी अकोल्याची सगळी हकिगत सांगितली.

"मले विचारून राहिली तू," ते म्हणाले, "पन तुहा नारळ त्या दिवशी मीच ठेवला होता. वाटलं, सा-सात महिन्याची गोष्ट. पुढं सप्ताह राहिला, पोट्टी तशीच कडेवर हाय, हे मी रोज पायत होतो. अन् मनात म्हणे, काय निष्ठा हाय बाईची! कीर्तनात तुहा दाखला देला मी, दोन गावात. मी काय सांगू तुले? मी देव नाही. पन चाळीस वर्षं त्याचं बाळपण गाऊन राहिलो. अंगणात रांगते, माती खाते, धडपडते. तू समोर बसून रडते. कोन्या लेकराले पाऊन रडत होतो व आपन?"

कौशल्याबाई उठून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या देवपूजेला बसल्या. देवघरात सासूच्या काळापासूनचा पितळी बाळकृष्ण होता. रांगता. एक हात जमिनीला, एका हातात लोण्याचा गोळा, मान वर. चाळीस वर्षं त्या त्याला चिंचेनं घासत होत्या. घासून घासून त्याचा उजवा गुडघा पार सपाट झाला होता. त्या दिवशी पाणी घालता घालता त्यांचं बोट त्या गुडघ्यावर थांबलं. मूर्ती ताम्हणात तशीच राहिली. अंगठा गुडघ्यावरून फिरत राहिला, आणि डोळ्यांतलं पाणी ताम्हणात पडलं.

मग त्यांनी देवाला पुसून जागेवर ठेवलं आणि हात जोडले. "मी खोटी पडतो," त्या मोठ्यानं म्हणाल्या. स्वयंपाकघरातल्या प्राजक्तालाही ऐकू आलं. "शबूद म्या देला होता, लेकरानं नाही. जे काय घ्याचं ते मह्याकून घेजो."

त्या उठल्या, पाळण्यातून आचलला घेतलं आणि अंगणात गेल्या. काल सारवलेलं अंगण, कडेला मोकळी काळी माती. प्राजक्ता पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली. कौशल्याबाईंनी लेकरू जमिनीवर पालथं ठेवलं, आणि डोळे मिटले.

आचल किंचाळली. दुसरं काही झालं नाही. निंबावर होले घुमत होते.

"आई, डोळे उघडा," प्राजक्ता म्हणाली. "तुमी खाली बसा तिच्यासमोर. मॅडम म्हणे न, खाली बसा म्हणून."

कौशल्याबाईंचे गुडघे दुखरे. तरी त्या बसल्या, मग वाकल्या, मग साठीतली ती बाई चक्क हातांगुडघ्यांवर आली. समोर टाळ वाजवला. पोर रडता रडता थांबली. टाळाकडे बघितलं. तळहात मातीत रुतवला.

त्या दिवशी ती हलली नाही. चौथ्या दिवशी पोटावर वीतभर सरकली, तीही उलटी, मागं. गोपाल शेतातून आला तेव्हा सून आणि सासू दोघी मातीत बसून एवढ्या हसत होत्या की त्याला वाटलं काहीतरी विपरीत झालं. दर पंधरा दिवसांनी अकोल्याला जायचं, घरी येऊन मॅडमनी सांगितलं ते करायचं. उलटी परात, पाण्याची बादली, तुरीच्या शेंगांचा ढीग. एकदा पायरीवरून पडून ओठ फुटला. कौशल्याबाई ते रक्त बघून पांढऱ्या पडल्या, देवघराकडे धावल्या, आणि अर्ध्या वाटेवरून परत आल्या. देवाकडे जायचं नव्हतं, लेकराकडे जायचं होतं.

माघातला काला आला. नव्या सभामंडपाची फरशी अजून गार, चुन्याचा वास. गावाला नवस ठाऊक होता आणि तो मोडल्याचंही. काही बायकांनी जागा करून दिली, काहींनी तोंड फिरवलं. कौशल्याबाई पहिल्या रांगेत बसल्या नाहीत. खांबाशी, मागं बसल्या. आचल अजून चालत नव्हती. आधारानं उभी राहायची, पाय थरथरले की बसायची.

सकाळचं कीर्तन. महादेवराव उभे राहिले आणि आख्यानाला सुरुवात करण्याआधी म्हणाले, "दोन गावात मी एका बाईचा दाखला देला होता. तो चुकीचा होता. चूक तिची एकलीची नव्हती, महीबी होती." एवढंच. नाव घेतलं नाही. मग गजर सुरू झाला.

दहीहंडी फुटली. लाह्या, दही, साखर फरशीभर सांडली. लोक एकमेकांना प्रसाद भरवू लागले. त्या गर्दीत आचल आजीच्या मांडीवरून घसरली, हातांगुडघ्यांवर, लोकांच्या पायांमधून पुढं निघाली. प्राजक्ता उठायला गेली. कौशल्याबाईंनी तिचा हात धरला.

"जाऊ दे. पाह्य तं खरी."

पोर देवाच्या पायरीपर्यंत गेली. पायरीला धरून उभी राहिली नाही, पाऊल टाकलं नाही. तिथं फक्त बसली. समोर एक ज्वारीची लाही पडली होती. तिनं अंगठा आणि एक बोट पुढं केलं. लाही निसटली. पुन्हा. निसटली. तिसऱ्यांदा तिनं ती चिमटीत अचूक उचलली, वळली, आणि मूठ उंच धरून, एका हातावर अडखळत रांगत, सगळी वाट परत आली.

आजीच्या गुडघ्याला धरून ती उभी राहिली आणि ती ओली, मातकट लाही तिनं आजीच्या तोंडात घातली.

कौशल्याबाईंनी तोंड मिटलं. पुढं नामाचा गजर टिपेला पोचला होता, बायका त्यांच्या टाळाची वाट बघत होत्या. त्यांनी टाळ उचलला नाही. दोन्ही हातांनी नातीची कंबर धरून ठेवली, हलकेच, सोडता येईल एवढीच.