राक्षसांचे रविवार

बुद्धभूषण आणि सावळाराम यांची दोस्ती शाळेच्या बाकावर जुळली, पण ती पक्की झाली जपानी राक्षसांमुळे. आठवीत असताना दोघं शाळा बुडवून भिवंडीतल्या एका व्हिडिओ पार्लरमध्ये शिरले. आत हिंदीत डब केलेला जपानी पिक्चर चालू होता. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी वर येत होता, आगगाडीचे डबे खेळण्यासारखे उचलत होता, आणि खाली माणसं ओरडत पळत होती. बाहेर आल्यावर सावळारामने भर रस्त्यात त्या प्राण्याची डरकाळी काढली. ती इतकी हुबेहूब होती की पलीकडच्या चहावाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. बुद्धभूषण पोट धरून हसला. तेव्हापासून हे वेड दोघांना लागलं ते लागलंच.

पुढे बुद्धभूषण भिवंडीजवळच्या दापोड्याच्या गोदामात डिस्पॅचचा सुपरवायझर झाला. सावळाराम जवळच्याच अंजूर गावचा. शेतं जाऊन तिथे गोदामं उभी राहिली तेव्हा त्याने टेम्पो घेतला आणि त्याच गोदामांचा माल वाहू लागला. दोघांची लग्नं झाली, पोरं मोठी झाली, पण रविवारची दुपार मोडली नाही. सावळाराम जेवून भिवंडीला बुद्धभूषणच्या घरी यायचा. बुद्धभूषणची बायको निशा दोघांपुढे भजी ठेवायची आणि आपण शेजारी निघून जायची. "तुमचे राक्षस तुम्हालाच लखलाभ," म्हणायची.

आता पिक्चर मूळ जपानीत मिळायचे, खाली इंग्रजी अक्षरं यायची. ती वाचायचा सावळारामला कंटाळा. मग बुद्धभूषण मराठीत सांगत जायचा आणि सावळाराम मध्ये मध्ये बोलत जायचा. खरं तर सावळारामचं बोलणं हाच निम्मा पिक्चर होता.

"त्या ट्रकवाल्याला बघ! समोर राक्षस उभा हाय आन हा पुलावर गाडी घालतोय. लायसन कुणी दिला रं याला?"

"अरे, खेळण्यातला ट्रक आहे तो. दोरीने ओढतात."

"दोरीने ओढला तरी डायवर तो डायवर."

राक्षसाच्या रबरी सूटच्या आत घामाघूम झालेल्या माणसाची सावळारामला फार काळजी. पुठ्ठ्याच्या इमारतींवर एवढी बारीक खिडकी कुणी कापली असेल, याचं कौतुक. बुद्धभूषणला आवडायचे ते त्यातले शास्त्रज्ञ, परग्रहावरून आलेली यंत्रं, अणूचे प्रयोग. तो म्हणायचा, हे पिक्चर माणसाच्या चुकांविषयी आहेत. सावळाराम म्हणायचा, माणसाचं सोड, त्या जनावराचं बघ.

एका पिक्चरवरून तर त्यांचं वर्षानुवर्षं भांडण चाललं होतं. त्यातला प्राणी वीज खाऊन जगायचा. शेवटी सगळं शहर आपले दिवे विझवतं, आणि तो उपाशी प्राणी बंदरात जाऊन आडवा होतो, दगड होऊन जातो.

"मेला तो," बुद्धभूषण म्हणायचा.

"झोपलाय."

"दगड झाला, सावळ्या!"

"दगड झाला तरी झोपलाय. आपल्या भिवंडीत आला असता ना, लाइट जाऊन जाऊन कवाच मेला असता बिचारा."

यावर दोघं इतके हसायचे की शेजारून निशा भिंतीवर थाप मारायची.

सावळारामचा आवाज बसायला लागला तेव्हा पहिल्यांदा थट्टाच झाली. डरकाळीला आता खरा दम आला, असं बुद्धभूषण म्हणाला. गोळ्या झाल्या, काढे झाले, आवाज काही सुटेना. गिळताना दुखू लागलं तेव्हा बुद्धभूषणनेच त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तंबाखूने घसा खाल्ला होता. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं: स्वरयंत्र काढावं लागेल, श्वासासाठी गळ्याला भोक राहील, बोलणं बंद होईल. सावळाराम खुर्चीत मान खाली घालून बसला होता. त्याची बायको भावना एकदा डॉक्टरकडे बघत होती, एकदा बुद्धभूषणकडे.

"मंग टेम्पो चालवता येल ना?" सावळारामने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"येईल, बरे झालात की."

"झालं तर मंग," तो म्हणाला आणि उठला.

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी तो आला. बुद्धभूषणने पिक्चर लावला, पण दोघांनीही पडद्याकडे पाहिलं नाही. सावळाराम बोलत राहिला. घसा दुखत होता, मध्येच थांबून कोमट पाणी पीत होता, आणि परत बोलत होता. आईविषयी, विकलेल्या शेताविषयी, भावनाला लग्नाआधी चोरून बघायला गेला होता त्याविषयी. राक्षसांचं नावही निघालं नाही. पिक्चर आपला आपण संपला. त्या दिवशी निशा शेजारी गेली नाही, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

जाताना सावळाराम म्हणाला, "भूषण, भांडन चालू ठेव हां. मी गप हाय म्हनून जिंकू नको."

ऑपरेशन नीट पार पडलं. जखम भरली. आता रविवारी बुद्धभूषणच अंजूरला जायला लागला. तिथेही तो पिक्चर लावायचा, मराठीत सांगत जायचा आणि सवयीने थांबायचा. त्या थांबलेल्या जागेत काहीच यायचं नाही. सावळारामच्या गळ्यातून फक्त श्वासाची शिट्टी ऐकू यायची. तो मोबाइलवर बोटाने अक्षरं शोधून लिहायचा. मोबाइल पुढे करेपर्यंत पडद्यावरचा पूल पडून गेलेला असायचा, ट्रकवाला मरून गेलेला असायचा.

म्हणून बुद्धभूषणने पिक्चर मध्येच थांबवायला सुरुवात केली. "लिही तू. सावकाश लिही. मी थांबतो."

पहिल्यांदा सावळारामने लिहिलं. दुसऱ्यांदाही लिहिलं. पुढच्या वेळी बुद्धभूषणने रिमोट दाबला आणि तोंडावर हसू आणून वाट बघत बसला, तसं सावळारामने त्याच्याकडे एकटक पाहिलं आणि हातातला मोबाइल भिंतीवर फेकला. भावना आतून धावत आली. सावळाराम लाल झाला होता, तोंड उघडून ओरडत होता आणि आवाज येत नव्हता. गळ्याच्या भोकातून तेवढी हवा सुटत होती. बुद्धभूषण त्याला धरायला गेला. त्याने हात झटकला.

"भावजी, आज जावा तुमी," भावना म्हणाली.

बुद्धभूषण गेला. पण पुढच्या रविवारी परत आला. सावळारामने दाराकडे पाहिलं, जरा सरकून खाटेवर जागा केली. त्या दिवसापासून पिक्चर थांबवायचा नाही, असं न बोलताच ठरलं. सावळारामला काही म्हणायचं असलं की तो नुसते ओठ हलवायचा. बुद्धभूषण बघून बघून शिकला. सगळं कळायचं नाही, पण 'डायवर' कळायचं, 'बिचारा' कळायचं. एकदा सावळारामने ओठांनी असं काही म्हटलं की दोघंही हसत सुटले. एकाचं हसणं घरभर गेलं, दुसऱ्याचे नुसते खांदे हलले.

मग दुखणं उलटलं. या वेळीही डॉक्टरांनी भावनाला बाजूला घेतलं नाही, सावळारामसमोरच सांगितलं. घरी न्या, दुखू नये एवढं बघू, म्हणाले.

तो झपाट्याने खंगत गेला. पडद्याच्या उजेडाने त्याचं डोकं दुखायचं, म्हणून टीव्ही बंद. बुद्धभूषणने तरी रविवार सोडला नाही. तो आधी घरी पिक्चर बघायचा आणि अंजूरला येऊन खाटेजवळ बसून गोष्ट सांगायचा. सावळाराम डोळे मिटून ऐकायचा.

एका रविवारी त्याने नव्या पिक्चरची गोष्ट सांगायला घेतली. एका बेटाजवळ समुद्रात एक म्हातारा राक्षस असतो, त्याच्या जातीतला शेवटचा. ताऱ्यांवरून एक यंत्र बेटावर उतरतं, घरं जाळू लागतं. म्हातारा समुद्रातून वर येतो आणि त्या यंत्राशी झुंजतो. एक डोळा जातो, पाठ फुटते, तरी यंत्राला कड्यावरून खाली ढकलतो. बुद्धभूषण इथवर रंगात आला होता. पुढचं आठवलं तसा त्याचा आवाज अडखळला.

"मग... मग तो वळतो आणि पाण्यात शिरतो. पोहत लांब जातो. बेटावरची माणसं हात हलवतात. संपलं."

सावळारामने डोळे उघडले. बराच वेळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चादरीवरचं एक बोट हलवलं. नाही. मग ओठ हलले. बुद्धभूषणला ते लगेच वाचता आलं.

खरं सांग.

"खरंच सांगतोय."

ओठ परत हलले. भूषण.

बुद्धभूषणने तोंडावरून हात फिरवला. "मरतो," तो म्हणाला. "किनाऱ्यापर्यंत येतो. पाण्यात जायचं असतं त्याला, पण जमत नाही. वाळूवरच पडतो."

एकटा?

"नाही. माणसं असतात ना. सगळं गाव आलेलं असतं. लांब उभे राहून बघत असतात."

सावळारामच्या कपाळावर आठी पडली. तो एवढा दमला होता, तरी ओठ नीट, एकेक अक्षर करून हलवले.

लांब का?

एवढ्या वर्षांत असा प्रश्न सावळारामने टाकावा आणि बुद्धभूषणला त्यावर भांडता येऊ नये, असं कधी झालं नव्हतं. तो उठला आणि खाटेच्या पायाकडे बसला. सावळारामचे गार पाय त्याने मांडीवर घेतले आणि चोळत राहिला. भावना चहा घेऊन आली. दोघांना तसं बघून तिने कप खाली ठेवला आणि तीही तिथेच टेकली.

पुढच्या रविवारच्या आत सावळाराम गेला. खाडीकाठच्या स्मशानात गोदामांचे हमाल आले होते, टेम्पोवाले आले होते. बुद्धभूषण शेवटपर्यंत थांबला. रडू त्याला तिथे आलं नाही. ते आलं दुसऱ्या दिवशी ड्युटीवर, एक टेम्पो गोदामाच्या धक्क्याला मागे घेताना ड्रायव्हर खिडकीतून वाकून कुणाला तरी शिव्या देत होता तेव्हा.

दिवस-कार्य उरकल्यावर भावनाने त्याला बोलावून घेतलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"भावजी, एक विचारू? हे इतकी वर्सं तुमच्याकडं जायचे. तुमी इथं लावायचा तवाबी मी आतच असायची, कवा बघितला नाय त्यातला एकबी. काय व्हतं त्यात, ते मला दाखवा."

बुद्धभूषणला भरून आलं. ह्या बाईला आपण काहीतरी देऊ शकतो, असं त्याला वाटलं. त्याने सावळारामला आवडणारा एक जुना, मजेचा पिक्चर लावला. प्राणी समुद्रातून वर आला. बुद्धभूषण मराठीत सांगू लागला. हा शास्त्रज्ञ, ही त्याची मुलगी, हे सैन्य. भावना पदर मुठीत धरून, परीक्षेला बसल्यासारखी बघत होती. पुलावर खेळण्यातला ट्रक आला.

"इथे सावळ्या हसायचा," बुद्धभूषण म्हणाला.

"का?"

त्याने सांगायला सुरुवात केली. समोर राक्षस असून ड्रायव्हर पुलावर गाडी घालतो म्हणून, लायसन कुणी दिलं म्हणून. सांगता सांगता त्याचं त्यालाच कळलं, यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही. भावनाने हसायचा प्रयत्न केला. ते जमलं नाही. ती आणखी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"मला नाय कळत त्यातलं, भावजी," ती म्हणाली. "बंद करा."

त्याने टीव्ही बंद केला. बाहेर रस्त्यावरून मालाच्या गाड्या जात होत्या. भावना उठून आत गेली. बुद्धभूषण खाटेच्या कडेला बसून राहिला. तिने आतून विचारलं, चहा ठेवू का? त्याला नको होता, पण तो हो म्हणाला.