नम्रता मॅडम म्हणाल्या

दसऱ्याची साफसफाई करताना माधवराव स्टुलावरून घसरले आणि त्यांचं मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने हाड मोडायला नको होतं, असं म्हणून डॉक्टरांनी हाडांची घनता तपासली. ती कमी निघाली. औषधं दिलीच, शिवाय आहार सुधारा म्हणून दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीकडे, नम्रताकडे पाठवलं.

तिथून घरी, कसबा पेठेत, आले ते वेगळेच माधवराव.

"सुनीती, उद्यापासून सकाळी नाचणीची आंबील. नम्रता मॅडम म्हणाल्या."

सुनीतीबाई बघतच राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या ह्या माणसाला नाचणी खा म्हणून विनवत होत्या. रंग बघूनच तो वाटी सरकवायचा. शेवग्याच्या पाल्याची भाजी केली की "गुरं पाळलीयेत का?" म्हणायचा. आता तीच भाजी मागून घेत होता, तिळाची चटणी पानात हवीच होती, जेवणावरचा चहा सुटला होता आणि सकाळी गच्चीवर उन्हात फेऱ्या सुरू झाल्या होत्या.

"तीळ भाजून घालायचे की तसेच, मॅडमना विचारतो," एकदा ते म्हणाले.

"मला विचारलंत तर काही बिघडेल?"

"अगं, तिचं त्यातलं शिक्षण झालंय."

सुनीतीबाईंनी चटणीची वाटी जरा आदळूनच ठेवली. ती पोर त्यांच्या नातीएवढी, संशय घेण्यासारखं काही नव्हतं. पण दाखवायला जायच्या दिवशी माधवराव इस्त्रीचा शर्ट काढायचे, तेव्हा त्या स्वयंपाकघरात निघून जायच्या. शब्द सगळे सुनीतीबाईंचे, वाटणं-कुटणं त्यांचं, आणि कौतुक त्या वाघोलीहून स्कूटरवर येणाऱ्या मुलीचं!

पुढच्या वेळी त्या मुद्दाम बरोबर गेल्या.

"काकांनी कमाल केली हो," नम्रता म्हणाली.

"स्वयंपाक कोण करतं, ते नाही विचारलंत?" सुनीतीबाई फटकन म्हणाल्या.

नम्रताने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "खरंच की. काकू, तुम्ही काय खाता?"

सुनीतीबाई भांडायच्या तयारीने गेल्या होत्या. हे त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं.

"मी? उरेल ते."

"काल काय काय खाल्लंत?"

"सकाळी चहा. दुपारी पोळी, भाजी संपली होती म्हणून लोणचं. रात्री चहा आणि खारी."

"दही? दूध? एखादी उसळ?"

"ते सगळं ह्यांना लागतं ना आता."

माधवराव प्लास्टरमधल्या हाताकडे बघत बसले.  डॉक्टरांना सांगून नम्रताने सुनीतीबाईंचीही तपासणी करवली. त्यांची हाडं माधवरावांपेक्षा ठिसूळ झालेली होती, फक्त त्या अजून पडल्या नव्हत्या.

 घरी आल्यावर सुनीतीबाईंनी पोळ्या केल्या, तेव्हा माधवरावांनी डाव्या हाताने दोन पानं घेतली. "आधी सगळ्यांचं, मग तुझं, हे आता बंद," एवढंच म्हणाले आणि दही आधी सुनीतीबाईंना वाढलं. बरंचसं ओट्यावर सांडलं. सुनीतीबाईंनी ते पुसलं आणि शेजारी जेवायला बसल्या. त्यांचा राग तेवढ्याने गेला नव्हता. पण भूक लागली होती, आणि गरम पोळी त्यांना फार दिवसांनी मिळत होती.

हिवाळा संपेपर्यंत गच्चीवर दोघं फिरायला लागली. गोळ्या दोघांनाही सुरू होत्या. नम्रता अधूनमधून फोन करायची, तो मात्र सुनीतीबाईंना.

"माझा हात मोडला तेव्हा एकदासुद्धा फोन नाही केला तिने," माधवराव एकदा कुरकुरले. "एवढं काय बोलता तुम्ही?"

"आमचं आम्ही बोलतो."

"आहाराबद्दलच ना? मग मलाही कळू दे."

सुनीतीबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.